शेवटचं फळ उतरेपर्यंत

४ मार्च

ती. ताईस,
ठिपक्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी स्टुलावरून पडलेला होतो. म्हणजे पडून चार दिवस झाले होते, पण कंबर अजून त्याच दिवशी अडकली होती. बल्ब बदलून उतरताना शेवटची पायरी आली असं मला वाटलं आणि ती आलेली नव्हती. त्याच आठवड्यात माझ्याकडून दूध करपलं, आणि दोन्ही बातम्या आपल्या टिकटिकीला एकाच फोनमध्ये मिळाल्या. पोरीला हे नाव तूच ठेवलंस, पण बसच्या वेळापत्रकांच्या कचेरीत लागल्यापासून ती त्याला फारच जागते. आली, घर पाहिलं, आणि पंधरा मिनिटांत निकाल दिला की बाबा, आता तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं.

तिचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे. माझ्यासाठी खोली तयार आहे, कपाटाचा खालचा कप्पासुद्धा रिकामा करून ठेवलाय. खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. लेक माझी सोन्यासारखी आहे, तिला नावं ठेवली तर जीभ झडेल. पण ताई, मला जायचं नाही. तिची आई गेली तरी या घरात मला तिची सोबत वाटते, आणि मागच्या अंगणात उभा राहिलो की मी अजून कोणीतरी आहे असं वाटतं. तिथे मी नीट घडी घालून ठेवलेलं सामान होईन.

चौतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात शेड जुळवल्या. नुसत्या नजरेने जुळवल्या, रंगांचं कार्ड कधी हातात धरलं नाही, आणि एकही डबा परत आला नाही. पण स्वतःच्या लेकीला द्यायला एक साधा नकार काही मला जमेना. तूच काहीतरी सुचव.

माया आहे तशीच असू दे, थोडी घट्ट केलीस तरी चालेल.

तुझा
ठिपक्या

ता. क. हल्लीच्या साबणात दम नाही. माझे पांढरे शर्ट पिवळे पडत चाललेत. नीळ दुप्पट घालतो आहे.


१३ मार्च

चि. ठिपक्यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं. ऐकायला आमचे रोपवाटिकावाले होते. त्यांची पँट माझ्या मशिनवर कंबरेत सैल होत होती आणि ते पडद्यामागे टॉवेल गुंडाळून उभे होते, त्यामुळे न ऐकून त्यांना सांगतो कोण. मी त्यांना एकच प्रश्न विचारला आणि त्यांनी पडद्याच्या फटीतून एकच उत्तर दिलं. ते उत्तर बसच्या पार्सलने तुझ्याकडे येत आहे. तीन रोपं आहेत, उभी ठेव, आडवी करू नकोस.

झाडाचं नाव टॅमारिलो. टोमॅटोचंच भावंड, पण हे झाडावर चढून बसलंय. अंड्याएवढी फळं लांब देठांना लटकतात आणि पिकली की लालभडक होतात. दीडेक वर्षात धरतात. आता नीट ऐक. पोरीला नाही म्हणायचं नाही. तिला म्हणायचं की मी हाताने लावलेल्या झाडांची फळं तेवढी मला खाऊ दे, झाडावरचं शेवटचं फळ उतरलं की त्याच दिवशी येतो. हेच शब्द वापर आणि ते तिला लिहून घ्यायला लाव. स्वतःचे शब्द वापरू नकोस. मागे तू स्वतःचे शब्द वापरलेस तेव्हा मालकांच्या बायकोच्या नव्या कोटाला गंजरोधक प्रायमरची शेड म्हणाला होतास.

मुळाशी पाणी साचू देऊ नकोस, दोन दिवसांत झाड मान टाकतं. वारा लागणार नाही अशा भिंतीच्या आडोशाला लाव, फांद्या काकडीसारख्या मोडतात. तुझ्या छातीइतकं वाढलं की शेंडा खुड, म्हणजे बाजूने फुटेल. आणि स्टूल कोणाला तरी देऊन टाक.

कंबर शेकत जा. आशीर्वाद पार्सलातही थोडे भरले आहेत, माती झटकताना सांडू नकोस.

तुझी
ताई


३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रोपं पोचली. थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं ठेवली आहेत. पैकी मधली वारली. मी तिला फार पाणी पाजलं. तू लिहिलं होतंस, पण उन्हाने तिचा चेहरा उतरल्यासारखा वाटला आणि मला राहवलं नाही. उरलेल्या दोघी मागच्या भिंतीच्या आडोशाला उभ्या आहेत आणि माझ्याकडे जरा संशयाने बघतात.

टिकटिकी रविवारी आली. तुझेच शब्द म्हणून दाखवले, पाठ करून. तिने पुस्तकातून माहिती काढली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, ठीक आहे बाबा, दीड वर्ष. डायरी काढून लिहूनही घेतलं. खाली मला सही करायला लावली. ताई, मी शब्द दिला आहे आणि मी तो पाळणार. दीड वर्ष मिळालं, तेही माझ्या हिशोबाने पुष्कळ झालं. तुझी युक्ती चांगली, पण तिला तळ आहे एवढं मला कळतं.

पानं एवढाल्या थाळ्यांसारखी होतील म्हणतात. तोवर तुझ्या पत्रांची सावली पुरेल.

तुझा
ठिपक्या


२६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोघी माझ्या खांद्याला लागल्या. शेंडा खुडताना थोरलीची क्षमा मागितली आणि डोळे मिटून खुडला. आता तिला तीन फांद्या फुटल्या आहेत. पान चोळलं तर असा उग्र वास सुटतो की विचारू नकोस. आपल्याकडे येणारे पोस्टमन फार चौकस, त्यांनी चोळून पाहिलं. त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक पत्राला तो वास होता. तिसऱ्या घरच्या बाईंनी बँकेकडे तक्रार केली.

मागच्या आठवड्यात वादळ झालं आणि धाकटीची एक फांदी अर्धी मोडून लोंबायला लागली. रंग ढवळायच्या माझ्या जुन्या पट्ट्या होत्या, त्या दोन्ही बाजूंनी लावून कापडाने बांधून टाकली. आता तिचा हात गळ्यात अडकवल्यासारखा दिसतो. पोस्टमन रोज तिची विचारपूस करतात, माझ्या कंबरेची करत नाहीत.

तुला सांगतो, सकाळी उठायला आता कारण आहे. तुझ्या रोपवाटिकावाल्यांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्या कंबरेला माझ्या शुभेच्छा.

लांबूनही तुझी सावली पडते, ती हलवू नकोस.

तुझा
ठिपक्या


१० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झाडांना वर्ष झालं. दोघी फुलल्या! फुलं इवलीशी, वास गोड, आणि मधमाश्या इतक्या की अंगणात जायला आता मीच परवानगी मागतो. पहिली फळंही धरली आहेत. लांब देठांना लटकलेली, हिरवी, अगदी निरागस.

पण पानांखाली पांढऱ्या माश्या झाल्या. झटकलं की कोंडा उडावा तशा उडतात. रोपवाटिकावाल्यांनी तुझ्याकरवी कळवलं तसं केलं. पिवळ्या रंगाच्या पाट्या करून त्यांवर तेल चोपडलं आणि फांद्यांना टांगल्या. पिवळ्यावर माश्या येऊन चिकटतात म्हणे. माझ्या पाट्यांवर महिन्यात एक माशी चिकटली, तीही वाट चुकलेली असावी. पिवळा काय मी ओळखत नाही? घरातल्याच जुन्या डब्यातला काढला, लेबल गेलेलं होतं, पण झाकण उघडल्यावर बघताक्षणी कळलं, लोण्यासारखा सुंदर पिवळा. दोष माश्यांचाच आहे. शेवटी साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसलं. पुसता पुसता तिच्या आईची दोन गाणी आठवली, तीही म्हटली.

तू पाठवलेला कापडाचा तुकडा मिळाला. त्याला जुळणारा दोरा आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः निवडून पाठवतो. दुकानदार दुसराच काहीतरी काढत होता, त्याला बाजूला केलं.

फळं वाढतील तसा धीर वाढव.

तुझा
ठिपक्या


२ मे

चि. ठिपक्यास,
अ. उ. आ.

दोरा मिळाला. मी तुला जांभळ्या कापडाचा तुकडा पाठवला होता, तू राखाडी दोऱ्याचं रीळ पाठवलंस. पाकिटं बदलली असावीत म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या आणि विषय सोडून दिला. गिऱ्हाइकाच्या जाकिटाला शेवटी काळा लावला, तिला वाटलं हीच फॅशन.

फळं कधी काढायची ते रोपवाटिकावाल्यांनी सांगितलं आहे, त्यासाठी मला त्यांच्या तीन गुडघ्यांना ठिगळं लावावी लागली. त्यांना पँटी दोन आहेत, चौथा गुडघा अजून धडधाकट आहे. फूल ते फळ पाच-सहा महिने लागतात. कच्चं काढून ठेवलं तर हे पिकत नाही, तसंच तोंड वाकडं करून बसतं. म्हणून पूर्ण लाल झाल्याशिवाय हात लावायचा नाही. देठाला मध्ये एक गाठ असते, तिथे हलकं ओढलं की पिकलेलं फळ देठासकट हातात येतं. साल कडू असते, ती खायची नाही. अर्धं कापून चमच्याने गर काढायचा.

पाणी बेताने, माया मात्र बादलीभर.

तुझी
ताई


२१ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फळं काही लाल होईनात. फांद्या वाकल्या इतकी लगडली आहेत, आकार अंड्यापेक्षा मोठा, पण रंग बघशील तर मातकट. करपलेल्या चहासारखा. मी रोज सकाळी खुर्ची टाकून त्यांच्यासमोर बसतो. कारखान्यातला आमचा सात नंबरचा लाल मला झोपेत ओळखता येतो. तो येत नाही तोवर मी हात लावणार नाही. दोन-चार फळं आपणहून खाली पडली, ती मी घाईची म्हणून सोडून दिली.

एक दुःखाची गोष्ट सांगायची आहे. आपले पोस्टमन आठवडाभर मला म्हणताहेत की काका, फळं लाल झाली. भल्या माणसाला रंग कळत नाहीत गं. परवा विचारलं की काका, तुम्हीही आमच्यासारखा निळा शर्ट का घालायला लागलात. मी पांढऱ्या शर्टात उभा! मला इतकं वाईट वाटलं की आत जाऊन त्यांना पाणी आणून दिलं. नोकरीत आहे बिचारा, उद्या कोणाचं पत्र कोणाला देईल.

टिकटिकी फोनवर रोज विचारते, लाल झाली का. मी खरं ते सांगतो. ती बरं म्हणून फोन ठेवते. मला ते आवडत नाही.

मातकट दिवसांत तुझं पत्र तेवढं रंगीत असतं, तेव्हा लिही.

तुझा
ठिपक्या


२८ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी फार चिडले आहे म्हणून मुद्द्याचं लिहिते. रविवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी बाबांकडे पोचले. अंगणातली दोन्ही झाडं लाल फळांनी लगडली आहेत. आत्या, लाल म्हणजे सिग्नलसारखी लाल. खाली पडलेल्यांचा चिखल झालाय, माझ्या बुटांचे तळ रंगले. आणि बाबा त्या झाडांसमोर खुर्ची टाकून बसलेले. मला म्हणाले, अजून मातकट आहेत गं, थोडं थांबूया.

बाबा आयुष्यात माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते. यायचं नसेल तर तोंडावर सांगावं, मी काय त्यांना बांधून नेणार आहे? मी रडले असते, पण दहा चाळीसची बस होती. मला ते हवेत म्हणून मी बोलावते, हे त्यांना कळत नाही का? फोन वाजला की दर वेळी मला वाटतं ते पुन्हा पडले. बाकी त्यांचं काहीतरी बिनसलंच आहे. निळे शर्ट घालतात. अंगणात तेलकट पांढऱ्या पाट्या टांगल्यात, विचारलं तर म्हणाले, माश्यांसाठी पिवळ्या पाट्या आहेत. मी वाद घातला नाही.

तुझं ते ऐकतात. तू त्यांना विचार, मला खरं काय ते कळव. राग आला तरी पत्राचा शेवट मी वेळेवर करते, म्हणून नमस्कार.

तुझी
टिकटिकी


२ ऑक्टोबर

चि. टिकटिकीस,
आत्याचे अ. उ. आ.

डोळे पूस आणि पुन्हा एकदा स्वतःचंच पत्र वाच. पांढऱ्या पाट्या त्याला पिवळ्या दिसतात. पांढरे शर्ट त्याला पिवळे दिसतात, म्हणून तो त्यात नीळ ओततो. माझा जांभळा त्याला राखाडी दिसला, मी मूर्खासारखी दुकानदाराला बोलले. तुझा बाप खोटं बोलत नाही पोरी. त्याला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असणार. स्टुलाची पायरी चुकली तीही त्यामुळेच, आणि मी शहाणी, त्याच्या करपलेल्या दुधाची काळजी करतेस म्हणून तुला हसत होते.

आता त्याला तू डोळे तपासायला चल म्हणालीस तर तो येणार नाही. चौतीस वर्षं ज्या डोळ्यांच्या जोरावर कार्डाला हात लावला नाही, ते डोळे गेले हे तो कानाने ऐकायलासुद्धा तयार होणार नाही. मी त्याला वेगळ्या वाटेने नेते. तू फक्त डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडची वेळ घे, दोघांची, त्याची आणि त्याच्या पोस्टमनांची. वेळ घेण्यात तुझा हात कोण धरणार.

तुझा राग मला आवडला, त्यात बाप होता.

तुझी
आत्या


२ ऑक्टोबर

चि. ठिपक्यास,
अ. उ. आ.

पोस्टमनांचं वाचून मला झोप लागेना. असा भला माणूस, आणि रंग कळत नाहीत! अपघात व्हायची वाट बघतोस का? तू त्यांना स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. एकटे ते जाणार नाहीत, संकोचतील. त्यांना धीर यावा म्हणून आधी तू तपासून घे, मग त्यांना बसव. वेळ पोरगी घेते आहे, मी तिला कळवलं. नाही म्हणू नकोस, पुण्याचं काम आहे.

तुझ्या चांगुलपणाची कास धरून लिहिते आहे.

तुझी
ताई


२० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोस्टमनांचे डोळे उत्तम आहेत. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, घारीचे डोळे आहेत, शेवटची ओळ वाचून खाली छापखान्याचं नावही वाचलं.

माझ्याबद्दल काय म्हणाल्या ते तुला ठाऊक असणार, कारण हा सगळा तुझाच कट होता हे मला तिथल्या खुर्चीवर कळलं. पोस्टमनांनी मला घरी आणलं. वाटेत त्यांना म्हणालो, की मी तुमच्याबद्दल गावभर सांगत होतो, मला माफ करा. ते म्हणाले, काका, मला वाटायचं तुम्ही गंमत करता. ताई, मला फार लाज वाटली. मग त्यांनीच माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी झालं, अर्ध्या तासाचं काम. टिकटिकी रजा घेऊन इथे राहिली. काल पट्टी काढली. मी सगळ्यात आधी शर्ट पाहिला आणि पोस्टात नोकरी लागली की काय असं वाटलं. मग पाट्या पाहिल्या. मग मागचं दार उघडलं.

ताई, सात नंबरचा लाल. शंभर ठिकाणी. एवढा लाल मी कारखान्यातही एका वेळी पाहिला नव्हता. डावा डोळा झाकला की लाल, उजवा झाकला की करपलेला चहा. मी किती वेळ नुसता एकेक डोळा झाकत उभा होतो. म्हणजे गेला महिनाभर पोस्टमन आणि ही पोर खरं सांगत होते, मी तिला थांबवत होतो आणि तिला वाटलं बाप खोटारडा. तिने मला पहिलं फळ कापून दिलं. आत जांभळ्या बियांचं वर्तुळ, आंबटगोड, शहारा आणणारं. तुझं पत्र विसरून मी सालही चावली. ते तोंड तिने फोनवर टिपून ठेवलं आहे, तुला पाठवेल.

फळं पिकली, शब्द दिलेला आहे, तेव्हा मी आता जाणार. पुढचा रविवार ठरला आहे. रंगाच्या पट्ट्या, तिच्या आईचा फोटो आणि खुर्ची एवढं बांधलं. थोरलीला आणि धाकटीला अजून सांगितलेलं नाही.

पत्ता बदलेल, तुझा लोभ त्याच्या मागोमाग येऊ दे.

तुझा
ठिपक्या


२९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल आठ वाजता मी खोकी आणि टोपल्या घेऊन पोचले. बाबा नवा पांढरा शर्ट घालून तयार होते. पोस्टमन सुट्टीच्या दिवशी मदतीला आले होते. आम्ही उतरवायला लागलो. देठाची गाठ हलकी ओढली की फळ टक्कन हातात येतं, पाच मिनिटांत त्याचं व्यसन लागतं. बाबा प्रत्येक फळ उजव्या डोळ्यासमोर धरून पास करत होते. बारापर्यंत तीन टोपल्या भरल्या आणि माझा ब्लाउज कायमचा लाल झाला.

मग लाल संपली आणि मी वर पाहिलं. लालच्या मागे नारिंगी होती. नारिंगीच्या मागे हिरवी, मोठी. मग हिरवी, बोराएवढी. आणि फांद्यांच्या टोकांना फुलं, आत्या, झुबक्यांनी. मी रोपवाटिकेच्या पुस्तकात पुन्हा पाहिलं. फळ धरायला किती महिने लागतात ते मी तेव्हा वाचलं होतं. थंडी कडक नसेल तर हे झाड फुलायचं थांबतच नाही, हे पुढच्या पानावर होतं. मी डायरी काढली. माझ्याच अक्षरात लिहिलंय, झाडावरचं शेवटचं फळ उतरलं की त्याच दिवशी. मी दिवसभर बसची वेळापत्रकं करते. प्रत्येक मार्गाला शेवटची बस असते. या झाडाला नाही.

बाबांना मी डायरी दाखवली. मला वाटलं हसतील. ते आत गेले आणि कात्री घेऊन आले. म्हणाले, यात मी तुला फसवल्यासारखं होतं, मला हे माहीत नव्हतं. फुलं आणि हिरवी फळं कापून टाकतो, म्हणजे शेवट होईल आणि शब्द राहील. आणि खरंच धाकटीच्या त्या पट्टी बांधलेल्या फांदीला हात घातला त्यांनी. ते थांबणार नव्हते. यायचं नसलेला माणूस मला दिलेल्या शब्दासाठी स्वतःची झाडं कापत होता.

मी कात्री काढून घेतली. एवढंच म्हणाले, "बाबा, असू द्या. लिहिलंय तसं करू."

खोकी रिकामीच परत आणली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सोळा तारखेला आहे. घरात दोन जास्तीचे दिवे बसवून घेतले, स्टूल पोस्टमनांना दिलं, आणि मी आता दर रविवारी फळं उतरवायला जाणार आहे, नऊ वीसला. संध्याकाळची बस धरते, सकाळची नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही भांडलो नाही. म्हणजे भांडलो, पण फळं कशी ठेवायची यावरून.

आता एकच विचारायचं आहे. हे शब्द बाबांचे नव्हते. बाबांना एवढं नेमकं बोलता येत नाही. आत्या, तुला माहीत होतं?

उत्तर येईपर्यंत नमस्कार राखून ठेवते.

तुझी
टिकटिकी


४ नोव्हेंबर

चि. टिकटिकीस,
अ. उ. आ.

हो.

तुझ्या बापाचं ते पहिलं पत्र वाचल्यावर मी पडद्यामागच्या माणसाला विचारलं नव्हतं की कुठलं फळ गोड, किंवा कुठलं झाड लवकर धरतं. मी विचारलं होतं की कुठलं झाड कधीच पूर्ण रिकामं होत नाही. त्यांनी लगेच सांगितलं. त्याबद्दल आजवर नऊ वेळा त्यांच्या पँटी मी सैल केल्या आहेत आणि प्रत्येक टाका वसूल झाला.

तू मला रागवू शकतेस. तुझी काळजी खरी होती, आणि माझ्या हुशारीत तो दीड वर्ष न दिसणाऱ्या डोळ्यांनी एकटा राहिला, हे मला लागलं आहे. तो पुन्हा पडला असता तर मी तुला तोंड दाखवलं नसतं. कात्रीचं वाचून मी मशिन थांबवलं. त्याला मी काही शिकवलं तरी तो शेवटी स्वतःसारखाच वागतो. आणि तूही त्याच्यासारखीच वागलीस, हे मी त्याला पत्राने कळवलं आहे. फळांचा एक डबा माझ्याकडे पाठव, एवढीच शिक्षा मला कर.

रोपवाटिकावाले म्हणतात, ही झाडं दहा-बारा वर्षं जगतात. तुझा बाप तेव्हा ऐंशीचा होईल आणि मी त्याहून सहा वर्षांनी मोठी. तेव्हा कोणी कुणाकडे राहायचं ते बघू. तोवर त्याने रोज खुर्ची टाकून बसावं, आणि तू दर रविवारी उतरवत राहा.

मात्र एक जपायचं. सगळी लाल उतरवलीस तरी निघताना एक हिरवं आहे ना, तेवढं बघून मग बस पकड.

तुझी
आत्या

ता. क. मधलीच्या जागी लावायला आणखी एक रोप पार्सलने पाठवलं आहे. उभं ठेव. आणि बाबाला त्याच्याजवळ पाण्याची बादली घेऊन जाऊ देऊ नकोस.